भिंत धरून चालणारे नाना

आरती सुरू झाली की सगळे गणपतीकडे तोंड करून उभे राहतात. आमचे कंधारकर नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. डोळे घट्ट मिटलेले, उजवा तळहात भिंतीला चिकटवलेला आणि टाळ्या अजिबात नाहीत, कारण टाळीला दुसरा हात लागतो आणि तो भिंतीवरून कोण काढणार? लग्न होऊन मी पुण्याहून हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आले, त्या पहिल्याच गणपतीत हे बघून मला हसू आवरेना. सासूबाईंनी डोळे वटारले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हसू नकोस. भित्रे आहेत बिचारे." आणि स्वतःच खुदकन हसल्या.

भित्रे नाना. आख्ख्या बिल्डिंगीत त्यांचं हेच नाव होतं. आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा सुहास मुंबईला, तो चार ओळींचं पत्र पाठवायचा. नाना एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड क्लार्क होते आणि पन्नाशी उलटली तरी रेकॉर्ड क्लार्कच होते. मधे एकदा बढती आली होती. पण वरचा सेक्शन दुसऱ्या मजल्यावर आणि जिन्याला एका बाजूला कठडा नाही, म्हणून नानांनी बढती नाकारली. तीही लेखी! साहेबांनी म्हणे तो कागद महिनाभर येईल-जाईल त्याला वाचून दाखवला.

नाना चालायचे ते भिंतीला बोटं टेकवूनच. आमच्या जिन्याशेजारी कमरेच्या उंचीवर एक काळपट पट्टा होता, तो नानांचा. घरमालक दर वर्षी चुना द्यायचा आणि पट्टा चार महिन्यांत परत यायचा. अंधाराची त्यांना भारी भीती. पिक्चरला जाताना खिशात टॉर्च. झोपायचे तीन उशा लावून, जवळजवळ बसूनच. आणि मी जिन्यावरून धडधडत उतरले की खालून ठरलेला आवाज यायचा, "आहिस्ता, पोरी, आहिस्ता! जमीन कुठं चालली नाही. तू कायकू पळायलीस?"

पळायचेच दिवस होते ते. गल्लीत केबलच्या वायरी आल्या होत्या, चौकाचौकात एसटीडीचे बूथ, आणि माझा नवरा श्रीकांत सरकारी नोकरी सोडून परदेशी कंपनीची मशिनं विकत हिंडत होता. काचीगुड्याला ओळखीच्या एकांनी पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तर लिफ्टमध्ये बसायला मिळेल म्हणून आम्ही सगळे वास्तुशांतीला गेलो. नाना जिन्याने, भिंत धरून. ते वर पोचले तेव्हा आमचं जेवण होऊन विडे चालले होते. घरी आल्यावर मी त्यांची नक्कल केली आणि हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नक्कल मी झकास करायची, खोटं कशाला बोलू.

आमची मिनी सात महिन्यांची झाली आणि त्याच आठवड्यात मी पडले. तिला सासूबाईंजवळ ठेवून श्रीकांत आणि मी बेगम बाजारात वर्षाच्या मिरच्या घ्यायला गेलो होतो. येताना मी स्कूटरवर मागे, एका अंगावर बसलेली, मांडीवर मिरच्यांचं पोतडं, दोन्ही हात पोतड्याला. समोर म्हैस आली. श्रीकांतने ब्रेक मारला. मी पोतडं सोडलं नाही, स्कूटर सोडली.

डोकं मागून रस्त्यावर आपटलं. दवाखान्यात डोक्याचा स्कॅन काढला, ते मशीन तेव्हा लोक नुसतं बघायलाही यायचे. मेंदूला हादरा बसलाय, बाकी रिपोर्ट नॉर्मल, असं सांगून तीन दिवसांनी घरी सोडलं. सगळ्यांनी हुश्श केलं. मीही केलं.

घरी दारात सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. त्यांच्या शेजारी श्रीकांत, त्याच्याकडे मिनी. तीन दिवसांनी आई दिसली म्हणून तिने झेपच घेतली आणि मी हात पुढे केले. तेवढ्यात निरांजन फिरलं. उजवीकडून वर, डावीकडून खाली, माझे डोळे त्याच्या मागे गेले, आणि दुसऱ्या फेरीला सासूबाई थांबल्या तरी दार फिरतच राहिलं. दार फिरलं, सासूबाई फिरल्या, पायाखालची फरशी एका बाजूने वर आली. मिनीचं वजन माझ्या हातात होतं आणि मी तिच्यासकट आडवी होत होते.

"डोळे मिट!" जिन्याखालून कुणीतरी गरजलं. "डोळे मिट आणि भिंत धर! श्रीकांत, पोर घे आधी!"

श्रीकांतने मिनीला ओढून घेतलं. मी भिंत धरली, भिंतीवरून घसरत खाली बसले आणि दारातल्या रांगोळीवर भडाभडा ओकले. नाना, ज्यांचा चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता ते नाना, सासूबाईंवर ओरडत होते, "ते ताट खाली ठेवा वहिनी! डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या तोंडापुढं असं फिरवत्यात का?"

सासूबाईंचा जीव माझ्यावर, म्हणून संध्याकाळी त्यांनी दृष्ट काढली. म्हणजे मीठमोहऱ्यांची मूठ पुन्हा माझ्या तोंडाभोवती गोल गोल. मी पुन्हा ओकले. दृष्ट फारच कडक लागलीय म्हणून त्या मुठीत मिरच्याही घालणार होत्या, तेवढ्यात नाना पुन्हा वर आले आणि म्हणाले, "काढायचीच आहे तर तिची साडी दोरीवर टाका आणि साडीची काढा."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कूस बदलली की छत फिरायचं. मान वर केली की पंखा बंद असला तरी मी फिरायची. मोरीपर्यंत जायचं तर मी भिंत धरायची. आणि मिनी? ती रडायची, हात पसरायची, आणि मी आई असून जमिनीवर बसून म्हणायची, तिला माझ्याजवळ आणून ठेवा, मी उचलणार नाही. श्रीकांत चिडायचा. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनातून काढून टाक!" मनात असतं तर काढलं नसतं का? पाडेन, पोरीला मी पाडेन, एवढंच दिवसभर डोक्यात चालायचं.

नाना रोज दुपारी यायचे आणि खुर्चीत अगदी कडेला बसून भलतेच नेमके प्रश्न विचारायचे. "उजव्या कुशीवर जास्त, का डाव्या? डोळे मिटून उभी राहिलीस तर पुढं जातीस का मागं? अंधारात पाय सापडत नाहीत ना?"

"हौ नाना," मीही आता होच्या जागी हौ म्हणायला लागले होते. "पण तुम्हाला कसं कळतं?"

"ऐसेच," नाना म्हणाले आणि दाराकडे बघायला लागले.

ते जिना उतरताना मी दारातून बघत होते. बोटं त्या काळ्या पट्ट्यावरून सरकत खाली गेली. माझाही हात चौकटीला होता. हा माणूस भित्रा नव्हता. याला माझंच दुखणं होतं. म्हणजे मलाही आता जन्मभर हेच! अजून अठ्ठावीस वर्षांनी, नानांच्या वयाला, मी भिंत धरून चालत असेन आणि कुणाची तरी नवी सून माझी नक्कल करत असेल.

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी शेवटी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पद्मजा तिचं नाव, तेलुगू पोर, माझ्याहून लहान, आणि जिभेने माझ्याहून तिखट. श्रीकांत फिरतीवर, म्हणून मला रिक्षाने न्यायचे नाना. पद्मजाने मला एक अक्षर लिहिलेलं कार्ड हातात धरायला लावलं. नजर अक्षरावर ठेवायची आणि मान डावी-उजवी हलवायची. मग पाय जुळवून उभं राहायचं, मग गादीच्या घडीवर, मग डोळे मिटून. दुसऱ्या मिनिटाला मी म्हटलं, चक्कर येतेय.

"आने दो," ती शांतपणे म्हणाली. "वही तो चाहिए." चक्कर टाळली तर मेंदू काही शिकत नाही, असं तिचं म्हणणं. थोडी थोडी, रोज, आणू द्यायची, म्हणजे तो आपोआप सावरायला शिकतो. एवढं सांगून तिने माझ्यामागे बघितलं. नाना दोन्ही तळहात भिंतीला लावून उभे होते.

"अंकल, दीवार छोड़के खड़े रहो जरा."

"नक्को, नक्को. मी हिला आणायलो फक्त."

"कितने साल से?"

नानांनी एक तळहात भिंतीवरून काढला आणि परत टेकवला. मग म्हणाले, "शादी के दिन से." त्यांच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो, तो परण्या. नानांच्या परण्यात कुणीतरी घोड्याच्या पायाशी फटाक्यांची माळ लावली. घोडा उभा राहिला, नाना मागे डोक्यावर पडले. फेटा होता म्हणून रक्त आलं नाही, आणि रक्त आलं नाही म्हणून कुणी काही विचारलं नाही. मुहूर्त गाठायचा होता ना! तासाभरात होमाभोवती फेरे. सगळा मांडव फिरायला लागला, तेव्हा नानांनी नवरीचा हात गच्च आवळून धरला आणि मंडळी पोट धरून हसली, आत्तापासूनच बायकोच्या आधाराने चालतोय म्हणून. वडील म्हणाले, भित्रा आहे. मग तेच नाव लागलं.

"मला पण मग तेच खरं वाटाया लागलं," नाना म्हणाले. मला कुठं तोंड लपवू असं झालं. वास्तुशांतीच्या दिवशी मी केलेली नक्कल त्यांनी खालून ऐकली असणार, आमच्या खिडक्या उघड्याच असतात.

पद्मजा त्यांना म्हणाली, इतक्या वर्षांचं आहे, सगळं जाणार नाही, पण थोडं सुटेल. नाना म्हणाले, माझं आता काय राहिलंय. मी म्हटलं, मग मीही करत नाही, दोघं भिंत धरून बसू. हे मी चिडून म्हटलं होतं, पण त्याचाच उपयोग झाला.

रोज सकाळी अंगणात आमची वरात निघायची. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत, पुढे मी, मागे नाना. पद्मजाने मला मिनीच्या वजनाइतकी तांदळाची पिशवी कडेवर घेऊन चालायला सांगितलं होतं. सासूबाईंनी पिशवीला दुपटं गुंडाळून दिलं. बिल्डिंग गॅलरीतून बघायची, पोरं नाचायची. डोळे मिटायची पाळी आली की आम्हा दोघांना दरदरून घाम फुटायचा. तीनदा तरी पिशवी माझ्या हातून पडली. तांदूळ अंगणभर सांडले की मी ते वेचत रडायची. ही मिनी असती तर? नाना भिंत सोडून दोन पावलं यायचे, थरथरत उभे राहायचे आणि म्हणायचे, "तांदूळच आहेत. उठ."

तीन महिने गेले. एका सकाळी मी पिशवी खाली ठेवली आणि सासूबाईंना म्हटलं, मिनीला द्या. मिनीने गळ्याला मिठी मारली. फाटकापर्यंत गेले, वळले, वळताना जग किंचित सरकलं आणि सरकून थांबलं. परत आले. नाना पूर्ण वेळ माझ्या बाजूने चालत होते, पडलीच तर झेलायला दोन्ही हात पुढे. दोन्ही! भिंत मागे कुठच्या कुठे राहिली होती, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी रडत होते, सासूबाई रडत होत्या. नाना मिनीकडे बघत म्हणाले, "सुहासला मी उभ्यानं कधी घेतलंच नाही. त्याची आई म्हणायची, घ्या की, आपलाच आहे. पाडीन, असं कसं सांगू? मी सांगितलं, मला पोरं आवडत नाहीत." मग म्हणाले, "तो पण तसंच समजतो अजून."

मी मिनीला त्यांच्यापुढे धरलं. "नक्को," ते म्हणाले. मग, "दे." मग घाईघाईने, "पण तू हात काढू नको."

मी हात काढले नाहीत. अंगणाच्या मधोमध, पाय फाकवून, नानांनी पोरीला उचलून घेतलं. तिने त्यांचा चष्मा ओढला. त्यांचे ओठ आवळलेले होते, पण डोळे उघडे होते.

"केवढी जड असतात गं पोरं," ते म्हणाले. "मांडीवर कळत नाही."