रंगनाथकाकांची अर्धी भुतं

आमचे शेजारी रंगनाथकाका टीव्हीवर भुताच्या गोष्टी बघतात, आणि प्रत्येक गोष्ट मधूनच बघतात. चुकून नाही, ठरवून. सुरुवात त्यांना नकोच असते. पडद्यावर चित्र उमटतं तेव्हा एक बाई आधीच किंचाळत असते, एक माणूस आधीच विहिरीत पडलेला असतो, आणि तिसरा कुणीतरी "मी सांगितलं होतं ना" असं म्हणत असतो. काय सांगितलं होतं, कुणाला, आणि हा कोण सांगणारा, याचा आपल्याला पत्ता नसतो. काकांना विचारावं तर ते शांतपणे म्हणतात, "मागचं मलाबी म्हाईत न्हाई, सर. म्होरं बघा."

मी मंठ्याला बदलून आलो त्याला आता दीड वर्ष होईल. हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत भाड्याचं घर मिळालं आणि घरासोबत रंगनाथकाका मिळाले, कारण दोन्ही घरांची मधली भिंत एकच आहे. माणूस साठीचा, उंच, हाडकुळा. वीज खात्यात लाइनमन होते. उभी हयात खांबावर गेल्यामुळे मान जी वर गेली ती निवृत्तीनंतरही खाली आलेली नाही. रस्त्यात नमस्कार केला तर काका आधी तुमच्या डोक्यावरची तार बघतात आणि मग तुम्हाला.

या माणसाला कशाची भीती वाटत असेल, असं गल्लीत कुणालाही वाटत नाही. विजेच्या डीपीच्या पेटीत शिरलेला साप काकांनी हातानं ओढून बाहेर काढला होता, ही हकिकत घरमालकाने मला घर दाखवतानाच सांगितली. नळाला पाणी कधी येतं, ते त्यानंतर सांगितलं. त्यामुळे पहिल्याच शनिवारी दुपारी तीनला काका माझ्या दारात उभे राहून जे म्हणाले, ते ऐकून मला वाटलं की ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"सर, जरा येता का? भुताचं लावून राह्यलो. एकट्याला भेव वाटतंय."

शनिवारी शाळा सकाळची असते. शनिवारची दुपारची झोप ही माझ्या आयुष्यातली एकमेव ऐष. पण नवा शेजारी, वयानं मोठा, आणि दारात येऊन उभा. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, शनिवार मारुतीचा, आज कुठलं भूत फिरकतंय, जा बिनधास्त. आणि माझ्यामागे दार लावून ती स्वतः झोपली.

काकांच्या पुढच्या खोलीत बाहेरचं रणरणतं ऊन औषधालाही शिरत नसे. खिडकीवर जाड वाकळ टांगलेली, दाराच्या फटीत पोतं कोंबलेलं. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक तक्तपोस, टीव्ही, आणि टीव्हीच्या वर भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो. काकू मी इथं येण्याच्या आधीच गेलेल्या. मुलगा पुण्याला. घरात बाकी कुणी नाही. काका एका ताटलीत मुरमुरे आणत, पंखा मोठा करत, आणि गोष्ट मधूनच सुरू होई.

या मालिका तुम्हीही पाहिल्या असतील. रोजच्या मालिकांसारखं त्यात तेच घर आणि तीच सासू नसते. दर भागात नवी माणसं, नवं गाव, नवं संकट. या शनिवारी हडळ, तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या ग्रहावरून आलेले हिरवट लोक. तासाभरात गोष्ट मिटते आणि ती माणसं पुन्हा कधी भेटत नाहीत. काका त्यांना "सुट्या गोष्टी" म्हणतात. कुणी कधीही येऊन बसावं, मागचं ठाऊक नसलं तरी अडत नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्थात मागच्या भागातलं ठाऊक नसणं वेगळं आणि याच गोष्टीचा अर्धा भाग ठाऊक नसणं वेगळं, हे मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "बराबर हाय," आणि मधूनच बघत राहिले.

भुतांचा मात्र काकांसमोर निभाव लागत नसे. भूत यायच्या आधी दिवा लुकलुकतो, हा या गोष्टींचा शिरस्ता. दिवा लुकलुकला की काका मुरमुरे चघळत निदान करत, "न्यूट्रल ढिला हाय." घरभर आपोआप दिवे लागायला लागले की "रिटर्न सप्लाय." एकदा एका बाईनं घरातल्या पिशाच्चासाठी मांत्रिक बोलावला, त्यानं रक्त शिंपडलं, तिघं मेले. काका हळहळले. या बाईनं मांत्रिकाऐवजी वायरमन बोलावला असता तर तिघांचा जीव वाचला असता, असं त्यांनी मला पटवून दिलं. अंतराळयानाची गोष्ट लागली तेव्हा ते फार वेळ अस्वस्थ होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "सर, हे समदे हवेत लटकून राह्यले. मंग यांची अर्थिंग कुठं हाय?" मी विज्ञानाचा शिक्षक. मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी शाळेत दोन सहकाऱ्यांना विचारलं, त्यांनाही आलं नाही.

फक्त एकदा काकांनी निदान केलं नाही. त्या गोष्टीत मेलेल्या माणसाचा फोन येत होता, बायको इकडून हॅलो हॅलो करत होती. मी वाट पाहत होतो की आता काका केबल तुटल्याचं सांगतील. ते इतकंच म्हणाले, "लाइन बराबर हाय," आणि मुरमुऱ्यांची ताटली खाली ठेवली.

थोड्याच शनिवारांत माझ्या लक्षात आलं की या खोलीत घाबरणारा माणूस एकच आहे, आणि तो मी आहे. काकांची पापणी हलत नाही. मग हे दर शनिवारी कुणाला तरी गाठून का आणतात? माझ्याआधी त्यांनी गल्लीतल्या बऱ्याच जणांना बसवून पाहिलं होतं. खत-बियाण्याच्या दुकानाचे शेठ एकदाच आले. तासाभरात त्यांनी "आधी काय झालं होतं?" असं इतक्या वेळा विचारलं की शेवटी काकांनीच त्यांना दारापर्यंत पोचवलं. हळूहळू बाकीच्यांना शनिवारी तीन वाजता नेमकी कामं निघू लागली. माझी भिंतच काकांच्या भिंतीला लागलेली, मी जाणार कुठं? मी जात राहिलो, आणि खरं सांगायचं तर मनातून वैतागत राहिलो.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. काकांच्या टीव्हीचा डबा रेकॉर्डिंग करणारा आहे. सगळ्या गोष्टी त्यात साठवलेल्या. गोष्ट निवडली की पडद्यावर दोन चौकोन येतात. एकाचा अर्थ, मागे सोडलं होतं तिथून; ती जागा डबा खूण करून ठेवतो. दुसऱ्याचा, पहिल्यापासून. काका नेहमी पहिला चौकोन दाबत. मी निष्कर्ष काढला की इंग्रजी अक्षरांमुळे बिचाऱ्यांना दुसरा चौकोन कशाचा ते ठाऊकच नसावं. कुणी चुकीचं करत असलं की मास्तरला बघवत नाही. एका शनिवारी काकांनी गोष्ट निवडली, दोन चौकोन आले, आणि ते चहा टाकायला आत गेले. मी रिमोट उचलला आणि दुसरा चौकोन दाबला. दीड वर्षात पहिल्यांदा त्या खोलीत एका गोष्टीची सुरुवात लागली. नाव आलं, संगीत आलं, एक बाई नव्या घराचं अंगण झाडू लागली.

काका दोन कप घेऊन आले आणि दारातच थांबले.

"काय केलं, सर?"

मी मोठ्या उत्साहानं दोन्ही चौकोनांचा फरक समजावून सांगितला. काकांनी कप खाली ठेवले, माझ्या हातातून रिमोट घेतला, गोष्ट बंद केली आणि पुन्हा निवडली. सोडलं होतं तिथून दाबलं. तर तीच बाई तेच अंगण झाडत होती. त्यांनी पुन्हा मागे जाऊन पुन्हा दाबलं. पुन्हा अंगण.

"खूण गेली," ते म्हणाले आणि तक्तपोसावर बसले.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खालच्या आवाजात सांगत गेले आणि मी हातात चहा धरून ऐकत राहिलो. हा डबा मुलानं आईसाठी आणला होता. कौसाकाकूंना या गोष्टींचं भारी वेड. रोजच्या मालिकेत कुणी मरत नाही आणि काही सरत नाही, ही बरी, एका बैठकीत सरते, असं त्या म्हणत. रात्री काका दमून झोपलेले, म्हणून त्या गोष्ट साठवून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाक झाला की बघत. भीती वाटायला लागली की बंद करत. काका जेवायला आले की पुढचं त्यांच्यासोबत बघू, असा काकूंचा बेत असे. आणि काका काही वेळेवर येत नसत. एकाची भाकरी चारला. आले की चार घास खायचे आणि आडवे व्हायचे, नाहीतर पुन्हा सायकल काढायची. काकूंनी टीव्हीचं नाव काढलं की काका म्हणायचे, टीव्हीतल्या भुताला काय भेतीस.

"मला वाटायचं, म्या गेल्यावर बघत असंल उरलेलं," काका म्हणाले. "ती गेली, म्या रिटायर झालो, मंग एक दिवस डबा लावला. पाहतो तं समद्या गोष्टी अर्ध्याच बघितलेल्या. म्हणलं, डब्यात फॉल्ट हाय. मेकॅनिकला बलावलं. तो म्हणला, काका, डबा बिलकुल बराबर हाय, बघणारानंच बंद केलंय."

पंखा फिरत होता.

"पहिली अर्धी तिनं बघितली. ती तिची. म्या उरलेली बघून राह्यलो. पण अर्ध्याच्या म्होरं ती एकटी गेली न्हाई, सर. म्या एकटा कसा जाऊ?"

मला भयंकर लाज वाटली. दीड वर्ष मी माझ्या झोपेचा हिशोब करत त्या खुर्चीत बसलो होतो, आणि आता त्यांच्या बायकोची एक खूण पुसून टाकली होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी सुचवलं की आपण पहिल्यापासून बघू, आणि जिथं काकूंना भीती वाटली असेल ती जागा शोधून काढू. काकांनी फोटोकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"मला कसं कळंल? तिला कशाचं भेव वाटायचं, म्या कव्हा इचारलं न्हाई."

तरी आम्ही लावलं. बाईनं अंगण झाडलं, घर लावलं. नवरा कामाला गेला. भिंतीच्या आत काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. मी विचारलं, इथं? काकांनी मान हलवली, उंदीरघुशींना ती भीत नव्हती. खिडकी आपोआप उघडली. तेही नाही, खिडकी वाऱ्यानंही उघडते. मग दिवा लुकलुकला. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी न्यूट्रलचं नाव काढलं नाही, लाइनमनची बायको दिव्याला कशाला भिईल, एवढंच पुटपुटले. गोष्ट पुढं सरकली. दुपार झाली. त्या बाईनं ताट वाढलं, त्यावर दुसरं ताट झाकलं, आणि ती उंबऱ्याशी येऊन बसली. घड्याळाची टिकटिक. रस्ता रिकामा. बाकी काहीच नाही.

काकांनी बटण दाबलं. बाई उंबऱ्यावर तशीच थांबली.

"इथं."

"काका, इथं तर काहीच झालं नाही," मी म्हणालो.

"तेच तं," काका म्हणाले. "आमच्यातला एक लाइनमन तारेला चिकटून गेल्ता. त्याची बायको हिची मैत्रीण. त्याच्यानंतर किती वर्सं म्या रोज उशिरा घरी आलो, सर. रोज. एकदाबी म्हणून दाखवलं न्हाई तिनं. भुताचंच नाव सांगायची."

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. वाकळीच्या कडेनं उन्हाची एक रेघ आत आली होती. मी विचारलं, पुढचं लावू का?

"थांबा जरा," काका म्हणाले. "आज पहिल्यांदा टायमावर आलोय. बसू द्या दोन मिन्टं."