बोरसे सरांचं मोजमाप

बोरसे सर कुणाच्याही घरी गेले, की चहा येण्याआधी खिशातून टेप काढायचे आणि यजमानालाच म्हणायचे, "जरा ते टोक धरा." लांबी, रुंदी, उंची झाली, की ओठ हलायचे आणि निकाल लागायचा, "हवा भरपूर आहे तुमच्याकडे. माणसं कमी पडतायत."

धुळ्याला देवपुरातल्या शाळेत आम्ही बरोबर होतो. मी मराठी शिकवायचो, ते भूमिती. पुस्तकातल्या आकृत्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "फळ्यावरच्या टाकीत पाणी राहतं का?" असं म्हणत ते अख्खा वर्ग पाण्याच्या टाकीखाली नेऊन उभा करत. देवळात पुजारी तीर्थ पुढे करायचा, तर हे घुमटाकडे बघत म्हणायचे, "थांबा, आधी त्रिज्या कळू द्या." गावातल्या निम्म्या इमारती त्यांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर उतरवल्या होत्या, एक इंचाला दहा फूट.

एकदा एका मारवाडी शेटजींनी विचारलं, "मास्तर, गोदामात कापसाच्या किती गाठी मावतील?" सरांनी गोदामाचं घनफळ काढलं, गाठीचं काढलं, भागाकार केला. गाठी अगदी नेमक्या मावल्या. फक्त त्या रचणारा हमाल मागच्या कोपऱ्यात कोंडला गेला आणि आतून ओरडायला लागला.

"हिशेब चोख आहे," सर म्हणाले. "माणूस धरायचा राहिला."

सरांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणायचे. माहेर दोंडाईच्याकडचं. सरांनी शाळेजवळच एक प्लॉट घेऊन ठेवला होता आणि दर दिवाळीला त्यावरच्या घराचा नवा नकाशा निघायचा. अक्का हसून अहिराणीत म्हणायच्या, "तुम्हीन बठ्ठं गाव मोजी टाकं. आपलं घर कव्हय बांधशात?"

"जिना नीट बसला, की लगेच."

जिना काही बसेना. एका पावसाळ्यात अक्कांना कावीळ झाली. दवाखान्यातून त्या परत आल्याच नाहीत.

पुढच्या वर्षी सरांनी घर बांधायला काढलं. नकाशे बाजूला ठेवले आणि गवंड्याला म्हणाले, "तुला पटेल तसं कर." मी आणि माझी बायको काम बघायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत आली होती.

"सर, खिडकी किती उंचीवर घेऊ?" गवंड्याने विचारलं.

"ओट्याशी उभं राहून रस्ता दिसला पाहिजे."

"कोणाला?"

गवंडी बाहेरगावचा, त्याला काय माहीत. सर माझ्या बायकोकडे वळले. "वहिनी, ती तुमच्या कुठपर्यंत यायची हो?"

तिने हात कानापाशी नेला, मग जरा खाली आणला. "इथपर्यंत असेल."

"नक्की?"

तिलाही नक्की सांगता येईना.

"मला माहीत असायला हवं होतं," सर हळूच म्हणाले.

बायको पुढे झाली. गुडघे थोडे वाकवून त्या अर्ध्या भिंतीपाशी उभी राहिली आणि रस्त्याकडे बघू लागली. गवंड्याने तिच्या नजरेचा अंदाज घेत बाजूच्या बांबूवर खूण केली. सरांनी मात्र तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.