जीरावणचे अवीभिया

गाण्याच्या कार्यक्रमाला गेलात आणि वाजवणाऱ्यानंच तुम्हाला उभं करून नाव-गाव विचारलं, असं कधी झालंय का? माझ्या बाबतीत झालंय. इंदूरला, छत्रीबागेतल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये, चाळीसेक माणसांसमोर मी उभा राहिलो आणि पडेल आवाजात सांगितलं, की मी विम्याच्या ऑफिसात आहे, राजेंद्र नगरात राहतो आणि एका मित्रानं ओढून आणलं म्हणून आलोय.

"बसा," बास गिटार गळ्यात अडकवलेले गृहस्थ म्हणाले. "आता ओळखीचे झालात. चलो, अब बजाते हैं."

हे अविनाश पागनीस, म्हणजे सगळ्यांचे अवीभिया; भैयाला आमच्याकडे भिया म्हणतात. पूर्वज संस्थानच्या पागेवर होते. अवीभियांनी घोड्याला कधी हात लावला नाही, शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. भाचा समीर आणि त्याच्या दोन मित्रांनी फंक-रॉकचा बँड काढला, तेव्हा हे साठीच्या उंबरठ्यावर त्यात घुसले. बँडचं नाव जीरावण. आम्ही इंदूरवाले पोह्यांवर भुरभुरतो तो मसाला.

फंक म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. ते गुडघ्यावर ठेका धरून म्हणाले, "सोपं आहे हो. मधे कुठेही भटका, पण पहिल्या मात्रेला सगळे घरी. आपल्या समेसारखं. लेट झालं तर चालत नाही."

अनोळखी माणसासमोर वाजवायचं नाही, हा त्यांचा नियम. दर कार्यक्रमाच्या सुरुवातीला, "नवीन कोण आलंय? जरा उभे राहा." एकदा एक जोडपं नुसतं कूलरच्या वाऱ्याला येऊन बसलं होतं. त्यांनाही उभं केलं. बाई संतापल्या, पण पुढच्या महिन्यात वेळेआधी हजर! प्रत्येक गाणं ऐकणाऱ्यांपैकी कुणाचं तरी असायचं. जोशीकाकू आल्या नाहीत तर, "आज त्यांचं गाणं नको," एवढं बोलून विषय बंद. समीर कपाळावर हात मारायचा. आम्हाला मात्र या सगळ्याची इतकी सवय झाली होती, की आजारी असलो तरी गैरहजर राहायची लाज वाटायची.

मग 'साइड दे भिया' हे त्यांचं गाणं कुणाच्या तरी वरातीत वाजलं, त्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला आणि बघता बघता हॉल पुरेनासा झाला. विजय नगरच्या ऑफिसांतली पोरं-पोरी जिन्यात उभी राहू लागली. अवीभिया त्या सगळ्यांना नाव-गाव विचारत. एकदा ओळखीच पाऊण तास चालल्या आणि गाणी तीनच झाली. तरीही माणसं येतच राहिली.

शेवटी मुंबईची एक कंपनी आली. रेकॉर्डिंग, गावोगावचे दौरे, सगळं काही. पोरांनी नोकऱ्या सोडायची तयारी केली. प्रश्न एकच होता, मामा जाणार का? मामा नाहीत तर जीरावण कसलं, असं आम्ही जुने चाळीस जण छातीठोकपणे सांगत होतो.

पहिला मोठा कार्यक्रम विजय नगरच्या मैदानावर. कंपनीच्या मॅनेजरबाईंनी मिनिटामिनिटाचा कागद हातात दिला. समीर म्हणाला, "मामा, इथे ते विचारू नका हं. टाइमच नाहीये."

"हो रे, टेन्शन नको घेऊ," अवीभिया म्हणाले. आणि माइकसमोर येताच विचारलं, "नवीन कोण आलंय? जरा उभे राहा."

सगळं मैदान आधीपासून उभंच होतं. लोकांना वाटलं, विनोद आहे. प्रचंड हशा, शिट्ट्या. अवीभियांनी दिव्यांच्या झोतात डोळ्यांवर हात धरून समोर पाहिलं. मी गर्दीतून दोन्ही हात हलवले. त्यांना दिसलो नाही. समीरनं घाईनं वन-टू-थ्री मोजायला सुरुवात केली आणि गाणं सुटलं. त्यांची एक मात्रा चुकली नाही. पण एरवी आमच्या तोंडाकडे बघून वाजवणारा हा माणूस त्या संध्याकाळी शेवटपर्यंत स्वतःच्या बोटांकडे बघत होता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं, मी येणार नाही. समीर रडला, मग भांडला. हे ढिम्म. वर, कंपनीच्या करारावर सही करायला त्याला यांनीच पाठवलं. मग दोन महिने, रोज दुपारी, कंपनीनं बाससाठी निवडलेल्या ऋतू नावाच्या मुलीला घरी बसवून गाण्यांतल्या आपल्या जागा शिकवल्या. "हे जोशीकाकूंचं आहे बेटा, त्यांचे गुडघे दुखतात. जरा सबुरीनं." ऋतूनं जोशीकाकूंना कधी पाहिलेलंही नव्हतं. तिनं मुकाट्यानं वहीत लिहून घेतलं.

आता जीरावण मॉलमध्ये वाजतं, जाहिरातीत वाजतं. हॉलचे कार्यक्रम बंदच झाले. परवा रविवारी मी अवीभियांकडे गेलो आणि राहवेना म्हणून बोललोच, "एवढं नाव होत होतं. तुम्ही हट्टीपणा केलात."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला. 

"नाव पोरांचं व्हायला पाहिजे होतं, ते झालं. खूश आहे मी, सच्ची," ते म्हणाले. "पण आई गेल्यावर या घरात मला हाक मारणारं कुणी उरलं नाही हो. महिन्यातून एकदा त्या हॉलमध्ये शिरलं की चारी बाजूंनी, अवीभिया, अवीभिया. मैदानावर लोक ओरडत होते जीरावण, जीरावण. चांगलंच आहे ते. पण त्यात मी कुठे होतो?"

मी चहा संपवला, उठलो. ते दारापर्यंत आले, मग आत वळले. मी चपला घातल्या, फाटक लावलं, दहा पावलं गेलो आणि परत फिरलो. भर दुपारी, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अवीभिया!"

ते लगबगीनं बाहेर आले. "काय हो? काही राहिलं का?"

"काही नाही," मी म्हटलं.

ते फाटकाशी तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी या."