चारचा कितवा घात?

जयनगरला आमच्या शेजारी हणमंतअण्णा राहत. त्यांच्या फाटकाशी येणाऱ्याला कडी काढण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे : ‘चारचा कितवा घात दोन?’ पोस्टमनपासून पुरोहितापर्यंत कुणाची सुटका नव्हती.

अण्णा कॉलेजात गणित शिकवत. मुले लॉगरिदमला उगीच भितात, असे त्यांचे निदान होते. लॉग म्हणजे ‘कितवा घात?’ एवढेच विचारणे. उत्तर पूर्णांकातच यावे, हा हट्ट कशाला? चारचा अर्धा घात दोन, सोळाचा पाव घात दोन. माणसाचाही पुरता घात क्वचित होतो, ते म्हणत. बहुधा अर्धा, पाव, असाच.

पाहुणा अडखळला की स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नीचा, अक्कांचा, आवाज येई. ‘अर्धा. आता आत येऊ द्या त्यांना, कॉफी निवते.’

चुकीला मात्र माफी नव्हती. शिकवणीचा कुणी ‘स्वल्प चुकलं, सर’ म्हणाला की अण्णा म्हणत, ‘स्वल्प चूकही चूकच.’ मुलीला पाहायला आलेल्या इंजिनिअरने फाटकाशी ‘दोन’ असे उत्तर दिले. त्याला उप्पीट मिळाले, मुलगी मिळाली नाही.

एकसष्ट साली अक्कांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावी बाजू शाबूत आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. ‘म्हणजे अर्धाच घात,’ अण्णा म्हणाले. कुणी हसले नाही. रोजचे बोलणे कानावर पडत राहिले तर वाचा परत येईल, असेही डॉक्टर म्हणाले होते. अण्णांनी अक्कांची खाट पुढच्या खिडकीशी आणली. फाटकावरचा प्रश्न चालूच राहिला, आवाज तेवढा चढला. मी एकदा सवयीने ‘अर्’ म्हणालो; त्यांनी हात वर करून मला थांबवले. खिडकीकडे बघत ते उभे राहिले. मग म्हणाले, ‘सरी, ठीक आहे, या आत.’

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी मी फाटकाशी असताना खिडकीतून आवाज आला. जड, पण स्पष्ट.

‘पाव.’

आता दुरुस्ती येणार, म्हणून मी अण्णांकडे पाहिले.

‘बरोबर,’ अण्णा म्हणाले. ‘अगदी बरोबर.’ कडी त्यांना लवकर सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला फाटकाशी आला. अण्णांनी खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारले, ‘सोळाचा कितवा घात दोन?’

आतून ‘पाव’ आले आणि दूधवाला आत गेला.