भिंतीखालचं खाचर

धाकलू गुरुजींना गाणं ऐकवायचं म्हणजे त्यांच्या डाव्या खांद्याशी उभं राहून, भिंतीकडे तोंड करून म्हणावं लागतं. वर "परत म्हण" आहेच. साखरशेतच्या आमच्या शाळेत तपासणीला आलेले साहेबही सुटले नाहीत. बिचाऱ्यांनी लहानपणची पाठ कविता तीनदा म्हटली.

गुरुजी निवृत्त चित्रकला शिक्षक. मुख्याध्यापक या नात्यानं मी त्यांना भिंत दिली ती 'जेवणापूर्वी हात धुवा' लिहायला. त्यांनी काढला लाल घोडा. म्हणाले, हा बोहाड्याच्या सोंगांपुढं वाजणारा संबळ. शेजारी काजव्यांनी पेटलेलं झाड, तो तारप्याचा सूर. साहेबांची कविता मात्र खुंटाला बांधलेलं रेडकू निघाली.

"गुरुजी, हात धुवायचं कुठंय?" मी ओरडलो.

"गानं ऐकलं का सरतं, सर. दिसलं का ऱ्हातं."

तरी मी बजावलं, झेंडावंदनाआधी भिंत पुरी करा, नाहीतर उरेल तिथं हात धुवा लिहून घेईन. उरला होता मधला तुकडा. तो त्यांनी बायकोच्या, म्हणजे जानकीवहिनींच्या, आवणीच्या गाण्यासाठी राखला होता आणि वहिनी गायला तयार नव्हत्या.

"कोरड्यात कसं येल? भात लावताना येतं. पाय चिखलात लागतं."

"मग शेतात ऐका की," मी मोठ्यानं सुचवलं.

"भिंतीशी येईस्तोवर निम्मं सांडतं," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गुरुजी घमेल्यानं शेतातला चिखल वाहत होते. माझा आरडाओरडा वाऱ्यावर गेला. दुपारी भिंतीखाली घोटाभर खाचर तयार! वहिनी साडी खोचून, लाजत उतरल्या. हातात रोपांची मूठ घेऊन वाकल्या आणि गाणं खरोखरच आलं. गुरुजींनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं ते रंगवायला लागले. या वयात भर शाळेत हे काय, म्हणून मी मान वळवली.

गाणं संपलं. वहिनी वाकूनच दम खात होत्या. गुरुजींचा ब्रश हवेतच थांबला.

"सर, थांबली का ती?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "कान गेलं यांचं. थोडं डाव्यात हाय, तेवढंच. आता पाठीतून ऐकतात."

मी डाव्या खांद्याशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "नाही गुरुजी, चालू आहे."

वहिनींनी दुसरी मूठ उचलली आणि गाणं पहिल्यापासून धरलं.