बाजूच्या सीटचा विमा

आमचे शेजारी दिनकरआबा रोज संध्याकाळी गाडीने इंदापूरला जातात. गाडी मात्र बारामतीतल्या त्यांच्या अंगणातून एक इंचही हलत नाही.

चहा झाला की ते स्टिअरिंगमागे बसतात, पट्टा लावतात, काच खाली करतात. किल्ली लावत नाहीत. "बसा अनंतराव, सोडतो तुमाला." मी पुढचं दार उघडलं की ओरडतात, "मागं, मागं! पुढं बसायचं न्हाय!" मग मी मागे बसतो आणि आबा बोलत राहतात. "भवानीनगर आलं. उसाच्या ट्रॉल्या हायत, दमानं घेतो." लासुर्ण्याला धूळ फार म्हणून काच वर करतात. निमगावचे पानमळे आले की आवाज खाली उतरतो, आणि मलाही ओल्या पानांचा गार वास येतो. खरंच येतो. कडुनिंबाची सावली बॉनेटवरून सरकत असते, तेवढीच काय ती हालचाल.

हे सुरू झालं त्यांच्या पुतण्याच्या लग्नानंतर. इंदापूरहून परतताना आबा प्यायलेले होते, आणि गाडी कालव्याकाठच्या बाभळीवर गेली. शेजारच्या सीटवर त्यांची बायको, सुशीलाकाकू. काकूंचं मनगट मोडलं. कोर्टाने दहा हजार दंड केला आणि लायसन्स सहा महिने थांबवलं. विमा कंपनीने दुरुस्तीचा दावा फेटाळला. पिऊन चालवलेल्या गाडीची भरपाई मिळत नाही. आबांनी पिणं सोडलं.

काकू दवाखान्यातून आल्यावर एवढंच म्हणाल्या, "तुमच्या गाडीत मी आता बसायची न्हाय."

तेव्हापासून त्या बहिणीकडे इंदापूरला एसटीने जातात. आबा पिशवी घेऊन स्टँडपर्यंत पोचवायला जातात, दोन पावलं मागून. लायसन्स परत मिळालं, तरी गाडी अंगणातच.

विम्याची मुदत संपली तेव्हा आबांनी मला बोलावलं. हिशेबाचं मला कळतं असा गल्लीत समज आहे. एजंट म्हणाला, कोर्टाचं प्रकरण ऐकून एका कंपनीने नकोच म्हटलंय, दुसरी घेते, पण हप्ता चढा आहे. मी सरळ सांगितलं, "आबा, रस्त्यावर काढायची तर थर्ड पार्टी कायद्याने हवाच. तेवढाच घ्या. उभ्या गाडीला बाकीचा खर्च कशाला?"

"उभी कुठं? रोज इंदापूरला जाती की!" मग ते एजंटकडे वळले. "ह्या बाजूच्या शिटावर बसणाराचा इमा असतोय का?"

"असतो ना. प्रवाशांचा अपघात विमा. पण सगळ्या सीटांचा मिळून घ्यावा लागतो."

"मागच्यांचं काय करायचंय? अनंतराव पडलं तरी लागत न्हाय त्यास्नी. ह्या एकाच शिटाचा करा."

"एका सीटचा होत नाही, आबा."

"मग त्या एका शिटावर चौघांचा घाला!"

एजंट हसला, मी हसलो. आबा हसले नाहीत. त्यांनी पूर्ण विमा घेतला, प्रवाशांच्या संरक्षणासकट. मला तो खर्च पटला नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

परवा संध्याकाळी आम्ही नुकतेच बसलो होतो. काकू ओसरीवर शेंगा निवडत होत्या. त्या उठल्या, पदराला हात पुसले आणि पुढचं दार उघडून सरळ आबांच्या शेजारी बसल्या.

"केलाय न्हवं इमा?" समोरच बघत म्हणाल्या. "मग पैसं फुकट कशाला घालवायचं."

त्या दिवशी ना भवानीनगर आलं, ना लासुर्णं. आबांनी विचारलं, "हात... दुखतो का गं अजून?"

हे त्यांनी आजवर कधी विचारलंच नसावं, कारण काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"थंडीत दुखतोय. ह्यो पट्टा कसा लावायचा?"

आबांनी वाकून तो लावला. मग इंदापूर येईपर्यंत आम्ही तिघंही काही बोललो नाही.