होयबा उभे राहिले

ऑफिसात त्यांना सगळे होयबा म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबांना एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. म्हणूनच ‘जरा ते कपाट सरकवता का?’ असं साहेबांनी विचारलं तेव्हाही ते ‘होय’ म्हणाले, वाकले आणि तसेच राहिले. कमरेत कट्‌कन काहीतरी झालं आणि कळ कुल्ल्यातून, पोटरीतून थेट अंगठ्यात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबतेय. चालत राहायचं, वाकायचं नाही, नेमून दिलेले व्यायाम करायचे. बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत बरं वाटतं.

“आणि फार वेळ बसायचं नाही. कळ आली की उठायचं. समोर कोणी का असेना.”

होयबा त्यांनाही ‘होय’ म्हणाले.

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी जाहीर केलं, की यापुढे रविवारीही कामावर यायचं. नेमकी तेव्हाच कळ आली. होयबा उठले. मुठी आवळलेल्या, दातांवर दात दाबलेले, डोळे साहेबांवर रोखलेले. कुठेतरी बघायला हवं म्हणून.

टायपिस्टबाईंना भरून आलं. त्याही उठल्या. मागोमाग सगळे उठले. शिपाई आधीपासून उभाच होता, तो स्टुलावर चढला.

“काय म्हणणं आहे तुमचं?” साहेबांनी विचारलं.

“आता सहन होत नाही, साहेब.”

“कधीपासून?”

“तुम्ही कपाट सरकवायला लावलंत तेव्हापासून.”

साहेबांचा चेहरा पडला. रविवार रद्द झाला. लोकांनी होयबांना खांद्यावर घेतलं. ते कळवळून ओरडले, तर लोकांना वाटलं घोषणा देताहेत, आणि सगळे तसेच ओरडू लागले.

पुढच्या पाच मीटिंगांत होयबा पाच वेळा उठले. ऑफिसला नवे पंखे आले, जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटांनी वाढली. ‘अहो, माझी नस दबलीय’ असं ते ज्याला त्याला सांगत. लोक म्हणत, किती हा विनय.

सातव्या आठवड्यात नस मोकळी झाली. त्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी सुट्टीची ती पंधरा मिनिटं परत कापली. सगळ्यांनी होयबांकडे पाहिलं. होयबा तासभर पाय पसरून, गालातल्या गालात हसत बसले होते. बसता येण्यात एवढं सुख असतं, हे त्यांना नव्यानं कळत होतं.

बाहेर टायपिस्टबाईंनी त्यांना अडवलं. “खरं सांगा, साहेबांशी काय ठरलं तुमचं? काय पडलं पदरात?”

होयबांनी फक्त शेवटचं ऐकलं आणि मनापासून सांगितलं, “आराम पडला हो, बाई. चांगलाच आराम पडला.”